अर्जात ‘नग’ होता, ताई नव्हती

स्मार्ट टीव्ही ४३ इंची, १ नग. प्लास्टिकची घसरगुंडी, १ नग. लोखंडी कपाट, २ नग. लहान मुलांच्या खुर्च्या, २० नग. एकूण ७६ हजार रुपये. सोबत तीन-तीन कोटेशनं, विश्वस्तांच्या सह्या, शिक्का, ठरावाची प्रत, सगळं जागच्या जागी. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा अर्ज आमच्या कर्मचारी निधीकडे आला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीला खेटून असलेल्या रांजणगावात एक लहानशी संस्था पाळणाघर चालवते, तिचा हा अर्ज. मी निधीची चिटणीस आहे. इतका नेटका अर्ज आला की आमच्या बैठकीत दहा मिनिटांत मंजूर व्हायचा, आणि हाही होणारच होता. तेवढ्यात समितीतले, असेंब्ली लाइनवरचे एक काका म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी यांनाच आपण पाण्याचं मशीन दिलं होतं ना? ते चालतंय का, एकदा बघून येऊ.” त्या एका वाक्यामुळे हे सगळं प्रकरण उभं राहिलं.

कंपनीचं आणि संस्थेचं नाव मी देत नाही. आमच्याकडून जे चुकलं ते आमच्यासारख्या दुसऱ्या कुठल्याही निधीकडून चुकू शकतं, म्हणून आकड्यांसकट लिहिते.

आधी निधीबद्दल. आमच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात एक ओळ असते, ‘सामाजिक निधी ५०’. कुणाची ५०, कुणाची १००, काही अधिकाऱ्यांची २०० आणि त्याहून जास्त. २०२३ मध्ये ६१२ जण देत होते. महिन्याला साधारण ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजारांच्या आसपास जमायचे. हा निधी धर्मादाय कार्यालयात नोंदवलेला न्यास आहे. नऊ जणांच्या समितीत पाच जण लाइनवरचे, दोन ऑफिसचे, एक युनियनचा आणि एक एचआरचा. पैसे कुणाला द्यायचे हे समिती ठरवते, आणि समिती ज्या संस्थेला देते तिला कंपनी आपल्या सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर खर्चाव्या लागणाऱ्या पैशातून, तेवढीच रक्कम घालते. निदान तसं ठरलेलं होतं.

जगात ही पद्धत जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९८७ पासून पगारातूनच, कर लागण्याआधी दान कापण्याची सरकारी योजना आहे. अमेरिकेत बोइंगच्या कामगारांचा निधी मोठा मानला जातो. तिथेही पैसे कुठे जायचे ते कर्मचारीच ठरवतात आणि कारभाराचा खर्च कंपनी उचलते, त्यामुळे कामगाराचा पैसा पूर्णच्या पूर्ण संस्थेकडे जातो. आमचा निधी त्या मानाने चिमूटभर. पण एक गोष्ट आमच्याकडे आहे आणि ती मला मोलाची वाटते. आमचा देणारा आणि घेणारा एकाच रस्त्याने कामाला जातो. बजाजनगर, वाळूजजवळचं पंढरपूर, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव या वस्त्यांमध्ये आमचे कामगार राहतात आणि ज्या संस्थांना आम्ही पैसे देतो त्याही तिथेच काम करतात. इतकं जवळ असून आम्ही दोन वर्षांत त्या पाळणाघरात एकदाही गेलो नव्हतो, याची मला लाज वाटते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं गेलो. पाळणाघराच्या मोठ्या ताईंनी फोनवर आधीच सांगितलं होतं, “दहाला नका येऊ मॅडम. साडेसहाला या. तेव्हा कळंल.”

दोन खोल्या, वर पत्रे, पुढे जेमतेम एक रिक्षा उभी राहील इतकं अंगण. आम्ही पोचलो तेव्हा थंडी होती आणि उजाडलंही नव्हतं धड. दाराशी चपलांची रांग, त्यातल्या निम्म्या बोटभर लांबीच्या. आत गोधड्यांवर सात-आठ मुलं परत झोपी गेली होती. तेवढ्यात एक बाई आली. अंगावर पॅकिंगचा निळा एप्रन, खांद्याला डबा, शालीत गुंडाळलेलं दीड वर्षाचं पोर. तिने पोर ताईंच्या हातात दिलं आणि एका दमात बोलली, “रातभर खोकलाय. दुपारी जेवल्यावर अर्धं झाकण औषध. आन् ताई, आज शंभरच हायेत, बाकीचे सात तारखेला.” कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. ती पळाली, मागे वळून बघितलंही नाही. पोर रडलं नाही. त्याने ताईंच्या पदराचा कोपरा मुठीत धरला आणि डोळे मिटले.

पाऊण तासात २६ मुलं आली.

या आया कामाला जातात ती युनिटं लहान. कुठे बारा बायका, कुठे वीस. पाळणाघर ठेवण्याची सक्ती त्या वेळी लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४८ नुसार तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तरच होती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली, पण तिथेही मर्यादा पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांची. म्हणजे आठ-दहा छोट्या युनिटांत मिळून दोनशे बायका काम करत असल्या तरी एकाही मालकावर पाळणाघराची जबाबदारी येत नाही. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची, तिची पूर्वशाळा तीन वर्षांपुढच्यांसाठी, आणि पाळी भरते सात वाजता. आमच्या कंपनीत स्वतःचं पाळणाघर आहे, चांगलं आहे. ते सकाळी नऊला उघडतं. ऑफिसच्या वेळेला बांधलेलं आहे ते. आमच्याच कॅन्टीनमध्ये आणि साफसफाईला ठेकेदाराकडून येणाऱ्या चार बायकांची मुलं त्या दिवशी रांजणगावच्या गोधडीवर झोपलेली होती. हे मला तिथे उभी असताना कळलं.

पाण्याचं मशीन भिंतीवर होतं. त्यावर आमची स्टीलची पाटी, ‘कर्मचारी सामाजिक निधीच्या सौजन्याने’, पुसून लख्ख ठेवलेली. मशीनला मात्र प्लास्टिकची पिशवी बांधलेली. फिल्टर बदलायला २,८०० रुपये लागत होते आणि ते सात महिने निघाले नव्हते. पाणी वीस रुपयांच्या जारचं येत होतं. कुणी आमच्याकडे तक्रार केली नव्हती, कारण दिलेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करायची असा त्यांना संकोच होता.

मोठ्या ताईंनी एक रजिस्टर दाखवलं. दोनशे पानी, कव्हर चढवलेलं. रोज प्रत्येक मुलाची एक ओळ: किती वाजता आलं, काय खाल्लं, झोपलं का, शी कशी झाली, औषध दिलं का, कोण न्यायला आलं. एका ओळीत लिहिलं होतं, ‘वरणभात अर्धा. झोप नाही. सारखा दाराकडे बघतो. आईला विचारायचं.’ मी स्टोअरला आहे, सोळा वर्षं रजिस्टरं बघतेय. इतकं काळजीने भरलेलं रजिस्टर मी कमी पाहिलंय.

मग खर्च विचारला. दोन ताईंचे प्रत्येकी ९ हजार. दुपारी येणाऱ्या मदतनीस मावशींचे ५ हजार. भाडं ७ हजार. दूध, केळी, खिचडी, वरणभात मिळून ९ हजार. वीज, पाणी, साबण, फिनेल २ हजार. महिन्याला ४१ हजार. आयांकडून प्रत्येकी ५०० ठरलेले, पण येतात अकरा हजारांच्या आसपास, कारण सात तारखेला सगळ्यांकडे नसतात. उरलेले तीस हजार गावातल्या ओळखीपाळखीवर, कुणाच्या वाढदिवसाच्या देणगीवर, विश्वस्तांच्या खिशातून. ते आता आटत चाललं होतं. लहान ताई एक डिसेंबरपासून सोडून जाणार होत्या. त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं, “मला पॅकिंगला अकरा हजार देतेत, पीएफ पण हाय. मलाबी दोन लेकरं हायेत दादा.” त्यांच्यात राग नव्हता. आम्हाला उत्तर नव्हतं.

काकांनी मग सरळ विचारलं, “मग अर्जात टीव्ही कशाला मागितला?”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मोठ्या ताई म्हणाल्या, “टीव्ही आला की लेकरं एका जागी बसतील. मग एकटीला सांभाळता येतील.”

त्यांना टीव्ही हवा होता तो जाणाऱ्या ताईच्या जागी. आम्ही तो मंजूर केला असता. कोपऱ्यात पाटी लावली असती, मुलं टीव्हीसमोर बसलेली असा फोटो काढून वार्षिक अहवालात छापला असता. पगाराची मदत का मागितली नाही असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या कागदावर तेवढीच जागा होती. ‘नग, दर, रक्कम.’ पगार लिहिला तर अर्ज बाद होतो असं आमच्या सरांनी सांगितलं.”

तो कागद मी तयार केला होता. निधी सुरू झाला तेव्हा अर्जाचा नमुना कोण करणार म्हटल्यावर मी पुढे झाले आणि आमच्या मटेरियल मागणीच्या फॉर्मवरून तो बनवला. वस्तूचे नाव, नग, दर, रक्कम. खाली एक ओळ: ‘पगार, भाडे व दैनंदिन खर्चासाठी अनुदान दिले जाणार नाही.’ त्या वेळी तो नियम आम्हा सगळ्यांना शहाणपणाचा वाटला होता. कामगाराच्या घामाचा पैसा आहे, तो डोळ्यांना दिसेल अशा गोष्टीत जावा, कुणाच्या खिशात जाऊ नये. या भावनेला मी आजही खोटं म्हणणार नाही. पण पाळणाघर खुर्च्यांवर चालत नाही. मूल सांभाळणारी बाई म्हणजेच पाळणाघर, आणि आमच्या कागदावर तिलाच रकाना नव्हता.

डिसेंबरची बैठक पहिल्या पाळीनंतर कॅन्टीनमध्ये झाली आणि तीन तास चालली. एरवी आमची बैठक चहा संपेपर्यंत आटोपते. पगाराला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं इथे नीट मांडायला हवं, कारण ते वजनदार होतं. ऑफिसमधले एक जण म्हणाले, वस्तू एकदाच द्यायची असते, पगार दरवर्षी. आज दोन ताई, उद्या चार. आपण हात आखडता घेतला त्या दिवशी पाळणाघर बंद पडेल आणि ते आपल्या माथी येईल. पेंट शॉपचा मुलगा म्हणाला, “मी शंभर रुपये देतो, मला मित्रांना दाखवता आलं पाहिजे की हे आपण केलं. पगाराचा फोटो कसा काढायचा?” त्याला कुणी हसलं नाही. निधी चालतो तो त्याच्यासारख्यांच्या शंभर रुपयांवर, आणि आपला पैसा कुठे गेला हे दिसावं ही त्याची मागणी रास्त होती.

काकांनी एकच प्रश्न टाकला. “आपल्याकडं नवी मशीन आली की पहिलं काय विचारतो? ऑपरेटर कोण. मग तिथं का नाही विचारलं?”

युनियनचे प्रतिनिधी तोवर गप्प होते. ते म्हणाले, पगार द्यायचाच असेल तर नऊ हजारांवर मी सही करणार नाही. किमान वेतनासाठी आपण गेटवर उभे राहतो आणि दुसऱ्याच्या संस्थेत नऊ हजारांना मान्यता द्यायची? या मुद्द्यावर मी आधी विचारच केला नव्हता. हिशोब सगळा बदलला. दोन ताई, प्रत्येकी १२ हजार, बारा महिने: २ लाख ८८ हजार. निधीच्या वर्षाच्या जमेच्या निम्म्याहून जास्त. त्या वर्षी आमच्यासमोर आणखी अकरा अर्ज होते. एका शाळेचं गेट, एका मंडळाचे क्रिकेटचे किट, दोन वाचनालयांची पुस्तकं. पाळणाघराला हो म्हणायचं तर यातल्या बहुतेकांना नाही म्हणायचं होतं.

मतदान झालं. सहा विरुद्ध तीन.

अटी अशा ठरल्या. अनुदान तीन वर्षांचं, पहिली दोन वर्षं पूर्ण, तिसऱ्या वर्षी निम्मं, आणि हे पहिल्याच पत्रात लिहून द्यायचं, म्हणजे संस्थेला तयारीला वेळ मिळेल. पैसे सहामाही. ताईंचा पगार बँकेतून त्यांच्या खात्यात, रोख नाही. समितीतले दोघं तीन महिन्यांतून एकदा सकाळी साडेसहालाच जाणार आणि रजिस्टर बघणार. फोटोच्या बदल्यात त्या रजिस्टरमधल्या चार ओळी, मुलांची नावं झाकून, दर तिमाहीला कॅन्टीनच्या फळ्यावर लावायच्या. ही सूचना पेंट शॉपच्या मुलाची. त्याने विरोधात मत दिलं होतं. लहान ताई थांबल्या. एप्रिलपर्यंतचे चार महिने विश्वस्तांनी कसेबसे जुळवले.

आता कंपनीच्या वाट्याचं. तो प्रकार लांबला, आणि इथे छोट्या संस्था कशा अडकतात ते दिसतं.

आमच्या खिशातून गेलेला पैसा हा सीएसआर नव्हे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी), १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एका जरी कसोटीत कंपनी बसली, तर तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कर्मचाऱ्याने आपल्या पगारातून दिलेले ५० रुपये त्यात धरता येत नाहीत. कंपनी घालते तो दुसरा रुपया मात्र सीएसआरमधून येतो, आणि तो ज्या संस्थेकडे जातो तिची १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी झालेली असावी लागते. त्यासाठी तेव्हा आयकर खात्याची १२ ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) ची नोंदणी हवी होती, आणि कंपनीने स्वतः काढलेली संस्था नसेल तर किमान तीन वर्षांचं काम हवं होतं.

काम सहा वर्षांचं होतं. कागद नव्हते. संस्थेची जुनी १२ ए नोंदणी २०१८ ची. २०२१ नंतर सगळ्या न्यासांनी त्याच नोंदणीसाठी नव्याने १० ए अर्ज भरायचा होता, तो यांनी भरलाच नव्हता. एक विश्वस्त वारले होते आणि त्यांचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट १ वर, तसंच होतं, विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज दिलेला नव्हता. तिसऱ्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल नव्हता. यातली एकही गोष्ट अफरातफर नव्हे. सकाळी सहाला खिचडी टाकणाऱ्या बाईला पोर्टलचा पासवर्ड आठवत नाही, इतकंच.

वर कंपनीतून एक वेगळाच प्रश्न आला. ठेकेदाराकडून आमच्याच प्लांटला येणाऱ्या चार बायकांची मुलं तिथे आहेत, तर हा कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम ठरून सीएसआरमधून बाद होईल का? नियम तसा आहे खरा, स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआर नाही. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात हे सोडवलेलं आहे. काम सर्वांसाठी असेल आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या घरचे ओघाने येत असतील, तर ते चालतं. फक्त कर्मचाऱ्यांसाठीच आखलेलं नको. दुसरी शंका पगाराची. सीएसआरमध्ये व्यवस्थापन खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, मग ताईंचा पगार कसा बसणार? ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. संस्था प्रत्यक्ष काम करताना जो खर्च करते तो त्यात मोडत नाही. अनेक ठिकाणी ही ५ टक्क्यांची गोष्ट उगाच संस्थांच्या तोंडावर फेकली जाते आणि त्या घाबरून टीव्ही मागतात. आमच्या एचआरने परिपत्रक वाचून दोन्ही शंका मिटवल्या. त्यासाठी मी त्यांची मनापासून आभारी आहे, कारण ‘लीगलला विचारतो’ म्हणून फाईल वर्षभर पडून राहू शकली असती.

कागदांचं काम आमच्या अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याने अंगावर घेतलं. जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये तो सलग नऊ रविवार पाळणाघराच्या मागच्या खोलीत बसला. पिशवीभर पावत्या, काही किराणा दुकानाच्या, काही चक्क वहीच्या पानावर लिहिलेल्या. त्याने तीन वर्षांचे हिशोब लावले, बदल अर्जाची कागदपत्रं जमवली. १० ए ची मुदत सप्टेंबर २०२३ लाच संपून गेली होती, त्यामुळे तिथे सगळं थांबलं. मग २५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने आयकर खात्याने ती मुदत ३० जूनपर्यंत वाढवली. अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला. पुढे नोंदणी मिळाली, मग ८० जी, मग सीएसआर-१ चा क्रमांक, आणि कंपनीचा पहिला हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये पडला. ठरल्यापासून चौदा महिने.

त्याचे ते नऊ रविवार कुठल्याच हिशोबात येत नाहीत. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही दिलेल्या सगळ्यात ते सर्वांत मोठं देणं होतं असं मला वाटतं. आमच्या २ लाख ८८ हजारांनी दोन ताई टिकल्या. त्याच्या रविवारांमुळे संस्था आता दुसऱ्या कुणाच्याही दारात ताठ मानेने अर्ज घेऊन जाऊ शकते.

त्यातल्या एप्रिलपासूनच्या दहा महिन्यांत ताईंचे पगार फक्त आमच्या पैशावर झाले. कामगारांच्या स्वतःच्या पैशाची ताकद मला तिथे समजली. त्याला सीएसआर-१ लागत नाही. आमच्या न्यासाच्या नियमांत बसलं, समितीने डोळ्यांनी बघितलं, ठराव केला, पैसे गेले. हीच मोकळीक आम्ही आधी ‘नग’ आणि ‘दर’च्या रकान्यांत कोंडून टाकली होती.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. निर्णयाची नोटीस लागली त्या महिन्यात १७ जणांनी कपात बंद केली. एकाने मला स्टोअरच्या खिडकीत येऊन सांगितलं, “मॅडम, मला इथं अजून पर्मनंट केलं नाही, आणि माझ्या पैशातून दुसऱ्याचा पगार?” त्याचं मन वळवायचा मी प्रयत्न केला नाही. तो बोलून गेल्यावर आम्ही कपातीचा संमतीपत्राचा नमुना काढून बघितला, तर तो रुजू होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात दिला जात होता. नवा मुलगा सुपरवायझरसमोर बसून चाळीस सह्या करतो, त्यातली ही एक. ती ऐच्छिक कशी म्हणायची? आता तो कागद सहा महिन्यांनी, वेगळा, समितीचा माणूस देतो, आणि बंद करायचा असेल तर एका ओळीचा अर्ज पुरतो. नवीन देणगीदार कमी झाले. तरी हाच मार्ग बरोबर आहे. सक्तीच्या पन्नासात आणि मनाच्या पन्नासात फरक आहे, आणि तो घेणाऱ्यापर्यंत पोचतो.

करसवलतीचा मुद्दाही पुष्कळांनी काढला. ८० जी ची पावती मिळते, पण २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते आणि तीत ही वजावट नाही. आमच्या लाइनवरच्या बहुतेकांना तर कर लागतच नाही. म्हणून आम्ही आवाहनातून करसवलतीची ओळ काढून टाकली आणि रजिस्टरच्या चार ओळी घातल्या.

त्या ओळींचं सांगते. पहिल्या तिमाहीत फळ्यावर लागलेली एक ओळ होती, ‘आज स्वतःच्या हाताने खाल्लं. आई रडली.’ दुपारच्या सुट्टीत फळ्यापुढे दहा-पंधरा जण उभे असायचे. पेंट शॉपचा मुलगा आता पाहणीला जाणाऱ्या दोघांपैकी एक आहे. बंद केलेल्या १७ पैकी काही जण परतले, सगळे नाही.

पाण्याचं मशीन चालू झालं. फिल्टरचे २,८०० आम्ही दिले, आणि त्या दिवसापासून कुठलीही वस्तू देताना तिच्या तीन वर्षांच्या देखभालीचा पैसा सोबत द्यायचा असा ठराव केला. स्टोअरमध्ये मशीनबरोबर सुट्या भागांची ऑर्डर आम्ही नेहमीच काढतो. बाहेर देताना ते कसं सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अर्जाचा नमुना मी बदलला. पहिल्या पानावर आता एकही रकाना नाही. तीन प्रश्न आहेत. तुमच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय होतं ते सांगा. ते कोण करतं आणि त्यांना किती मिळतं? आम्ही काहीच दिलं नाही तर पुढच्या सहा महिन्यांत काय बंद पडेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्ही आधी वाचतो. नव्या कागदावर आलेल्या अर्जांत एका वाचनालयाने पुस्तकांऐवजी संध्याकाळी सहा ते नऊ बसणाऱ्या ग्रंथपालाचं मानधन मागितलं. त्याच वाचनालयाला आम्ही पूर्वी तीन वेळा पुस्तकं दिली होती. ती कुलपात होती.

पाळणाघराचं दुसरं वर्ष आता संपत आलंय. मुलं ३१ झाली आहेत. लहान ताई आहेत. त्यांची धाकटी मुलगी त्याच खोलीत अक्षरं गिरवते. कंपनीचा वाटा भाडं, आहार आणि मावशींच्या मानधनाला जातो. येत्या एप्रिलपासून आमचं अनुदान निम्मं होतं, म्हणजे ताईंच्या पगारात महिन्याला १२ हजारांचा खड्डा. संस्थेने पाच युनिटांच्या मालकांना पत्रं दिली, जिथे या आया काम करतात तिथल्याच. दोघांनी महिन्याला दोन-दोन हजार कबूल केले, एकाने बघू म्हटलं. आयांनी स्वतः बैठक घेऊन फी ५०० ची ६०० केली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यातून तीनेक हजार येतील.

पाच हजार अजून कमी पडतात. पत्रात आम्ही तिसऱ्या वर्षी निम्मं असं लिहून दिलंय आणि समितीतल्या तिघांना ते तसंच पाळायचं आहे. शब्द म्हणजे शब्द, त्यांचं बरोबर आहे. काका म्हणतात पाच हजारांसाठी शब्द थोडा वाकवू. माझं मत अजून झालेलं नाही. बैठक येत्या चौदा तारखेला, पहिल्या पाळीनंतर, कॅन्टीनमध्ये आहे. त्याआधी बाराला मी आणि पेंट शॉपचा मुलगा सकाळी साडेसहाला रांजणगावला जाणार आहोत.